मोज्यातली भाकरी

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

दुरुस्ती. काल मी लिहिलं की माझ्या वर्गातल्या महेश्वरीने भीमाची भाकरी चोरून खाल्ली. चोरली हे बरोबर, पण खाल्ली नाही. मोज्यात ठेवली. आज तिला पायात काहीतरी टोचत होतं म्हणून मी मोजा काढला, तर आतून कडक भाकरीचा तुकडा निघाला. त्याला शेंगाचटणीसुद्धा लागलेली होती.

कालच्या वाक्यावर फक्त एक आडवी रेघ मारली आहे. अण्णांची तशी शिकवण. अण्णा कुर्डुवाडीजवळच्या रेल्वेफाटकावर गेटमन आहेत. आमचं क्वार्टर रुळांच्या अलीकडे, शाळा पलीकडे, आणि आईला रुळांची धास्ती. त्यामुळे तिसरीपर्यंत मी घरीच शिकले. अक्षरं मालगाडीच्या डब्यांवरून, बेरीज डबे मोजून आणि नीतिशास्त्र अण्णांच्या रजिस्टरवरून. चूक झाली तर एक रेघ, खाली बरोबर काय ते, आणि सही. खोडरबर वापरणारा गेटमन त्यांच्या मते दारू पिणाऱ्यापेक्षा वाईट.

सही: अंकिता.

भाकरी सापडल्यावर महेश्वरी रडली नाही. फक्त म्हणाली, "टीचर, परत द्या." चार वर्षांच्या मुलीचा हा धीटपणा बघून सोजरमावशी पोट धरून हसल्या. सोजरमावशी म्हणजे आमच्या बालवाडीतला शेवटचा शब्द. मुलांची नाकं, चपला आणि वाद हे तिन्ही त्यांच्याकडे. त्यांचं निदान: "जंत झाल्यात पोरीला. कडुलिंब पाजा, चोरी बंद हुतीय का न्हाय बगा."

मी भाकरी परत दिली. ती पुन्हा मोज्यातच गेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्याकडे पहिली केस आली. मीच आणली.

मागच्या महिन्यापासून मी या बालवाडीची बालसंरक्षण अधिकारी आहे. हे पद मला कसं मिळालं ते खरं लिहायचं तर, मुलांवरच्या अत्याचाराची किंवा हेळसांडीची शंका आली तर शाळेने काय करायचं यावर एक कार्यशाळा झाली, आणि तिथे जेवणानंतर आमच्याकडची मी एकटीच जागी होते. आमच्या मुख्याध्यापिका सिद्धेश्वरी मॅडम यांनी मग पुण्याच्या कुठल्याशा शाळेचं धोरण मिळवलं, वरचं नाव बदललं आणि फ्रेम करून आणलं. विश्वस्त रेवणप्पाकाकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. इमारत त्यांचीच आहे, त्यामुळे इथे कशाचीही स्थापना त्यांच्याच हस्ते होते. हळदकुंकू जरा जास्त पडल्यामुळे तिसरं कलम वाचता येत नाही. पाचवं कलम जलतरण तलावाबद्दल आहे. आमच्याकडे तलाव नाही, पाण्याचं निळं पिंप आहे. पण धोरण ते धोरण, म्हणून सोजरमावशी पिंपाजवळ स्टूल टाकून बसतात.

तर, भीमाची आई नीलम्मा आज फाटकात त्याला म्हणाली, "घरी चल तू, तंगडं मोडून चुलीत घालती." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

धोरणाप्रमाणे शिक्षिकेने संशय बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवायचा. म्हणून मी शिक्षिका म्हणून लिहिलं आणि अधिकारी म्हणून पोच दिली. अधिकाऱ्याने शिक्षिकेला शांतपणे दोन प्रश्न विचारावेत असंही लिहिलंय. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने बसून पाहिलं. छोट्या गटाची शिक्षिका ऋतुजा दारात उभी होती हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अंकिता, साक्षीदार लागला तर सांग, मी तिसऱ्या खुर्चीवर बसते."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी नोंद वाचून बोलावलं म्हणून नीलम्मा आली. आली म्हणजे, गल्लीच्या तोंडापासून ऐकू आली.

"कोण म्हणलं मी पोराचं तंगडं मोडती? ह्ये बगा तंगडं!" तिने भीमाला उचलून माझ्या टेबलावर उभं केलं. "मोजा की मॅडम! दोन हायत का न्हाय? गुबगुबीत हायत का न्हाय? सकाळी दोन भाकऱ्या हाणून आलाय ह्यो. ह्याला दम दिला न्हाय तर ह्यो मला चुलीत घालंल!"

भीमा टेबलावर आनंदाने नाचत होता. मॅडमनी चहा मागवला. मी तीन वेळा माफी मागितली. जाताना नीलम्माने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाली, "लगीन करा, मॅडम. दोन पोरं झाली की तुमीबी अशाच बोलाल."

मॅडम नंतर म्हणाल्या, "अंकिता, धोरण भिंतीवर शोभतं. ते सारखं खाली काढू नकोस."

यापुढे पूर्ण खात्री झाल्याशिवाय मी काहीही कळवणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आठवड्याचा "शांत बालक" बिल्ला महेश्वरीला द्यावा अशी शिफारस मी केली आणि मंजूर झाली. इतकी समजूतदार मुलगी मी पाहिली नाही. सुटी झाली की बाकीची मुलं दप्तरं ओढत पळतात. ही टेबलाखाली जाऊन हाताची घडी घालून बसते. आज विचारलं, काय करतेस? म्हणाली, "वाट बघती."

"कशाची?"

"संध्याकाळची."

मुलांना वेळेचं भान नसतं हे प्रशिक्षणात सांगितलंच होतं. तेव्हा बारासुद्धा वाजले नव्हते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रेवणप्पाकाका आले होते. महेश्वरी त्यांची नात. काकांचं टॉवेल-चादरींचं मोठं दुकान आहे. माणूस फार मोकळा. आल्या आल्या सगळ्या मुलांना चिक्की वाटली, सोजरमावशींना "काय अव्वा, पिंप पळालं न्हाय ना?" म्हणून चिडवलं. येत्या २२ तारखेला, शनिवारी, आमचं स्नेहसंमेलन आहे. त्याचे प्रमुख पाहुणे तेच.

मी त्यांना बिल्ल्याचं सांगितलं. काकांची छाती फुगली. "आमची महू लई शानी हो. तिची आई रुसून अक्कलकोटला माहेरी बसलीय, आमचे चिरंजीव धंद्यापायी सारखे हैदराबादला. मग घरात कोण? ती अन् मी. पण पोरगी कशी हाय बगा, दुपारभर येकटी असती, चूं करत न्हाय. शेजाऱ्यांना इचारा, पोरगी घरात हाय हे त्यांना म्हाईतच न्हाय!"

मी म्हटलं, "वळण चांगलं लावलंय, काका."

ते म्हणाले, "मग! टीव्ही लावून देतो, बिस्किटाचा पुडा देतो. काय त्रास न्हाय."

एक लिहायचं राहिलं. चिक्की महेश्वरीने तिथे खाल्ली नाही. बाकीची मुलं दुसरी मागत होती, आणि हिने पहिलीच मोज्यात घातली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भीमाचा वाढदिवस. नीलम्माने केक पाठवला, माझ्यासाठी वेगळा तुकडा, त्यावर क्रीमचा गुलाब. (मला माफ केलं असावं, किंवा डिवचलं असावं.) महेश्वरीने केक दोन घासांत संपवला, पण डब्यातल्या पुऱ्यांना हात लावला नाही. तिने भीमाकडे कडक भाकरी मागितली. वाढदिवसाला भाकरी कशी असेल? तो म्हणाला, "आज न्हाय बे." तर तिचा चेहरा एकदम पडला.

ऋतुजा म्हणाली, "सोलापूरचीच आहे हो पोरगी! पुरी नको, कडक भाकरी पाहिजे." आम्ही खूप हसलो. मी विचारलं, पुरी का नको? महेश्वरी म्हणाली, "मोज्यात मऊ हुती. वास येतो."

तिच्या उजव्या हाताच्या बोटावर फोड आला आहे. "काय झालं?" तर म्हणे, "मी चहा केला." यावर भीमा म्हणाला त्याने बिर्याणी केली आणि शेजारची मुलगी म्हणाली तिने विमान चालवलं. सोजरमावशींनी फोडाला टूथपेस्ट लावली.

खात्री नाही, त्यामुळे कळवलेलं नाही. कशाबद्दल कळवायचं हेही ठरत नाही. पण माझा केकचा तुकडा मी तसाच ठेवून दिला. कदाचित क्रीम जुनं असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संमेलनाचा मांडव घालायला माणसं आली म्हणून शाळा लवकर सोडली. सगळ्या मुलांना नेलं, महेश्वरी राहिली. दुकानातले सिद्धाप्पा तिला रोज न्यायला येतात, त्यांना बदललेली वेळ कोणी सांगितली नव्हती. फोन केल्यावर ते धापा टाकत आले, पण दुकानाचं सामान घेऊन आल्यामुळे स्कूटरवर जागा नव्हती. म्हणून मी तिला रिक्षाने नेलं, ते पुढे.

बंगला छान आहे. महेश्वरी रिक्षातून उतरली, सिद्धाप्पांनी दार उघडताच बूट हातात घेतले आणि न सांगता जिना चढून गेली. वरून टीव्हीचा आवाज आला. मी सिद्धाप्पांना थँक यू म्हटलं आणि निघाले. महेश्वरीला सुखरूप घरी पोचवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. शिवजयंतीची सुटी

दुरुस्ती. "महेश्वरीला सुखरूप घरी पोचवलं" हे वाक्य चूक आहे. रेघ मारली आहे.

बरोबर असं: ती वर गेल्यावर सिद्धाप्पांनी बाहेरून दाराला कुलूप लावलं. मी तिथे उभी होते. मी विचारलं, "चावी कुठे ठेवता?" ते म्हणाले, "दुकानात. मालकाच्या गल्ल्यात." मग थँक यू म्हटलं. ते कुलूप लावण्याबद्दल म्हटल्यासारखं झालं.

सही: अंकिता.

हे काल का लिहिलं नाही? कारण माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्याने घेतलं नाही. आज सकाळी अंघोळ करताना घेतलं. भाकरी मोज्यात का, तर दुपारसाठी. कडकच का, तर ती टिकते. बिस्किटं संपल्यावर ती चहा करायला गेली, आणि फोड आला तो खऱ्या गॅसवर. ती चार वर्षांची आहे, आत गॅस आहे, बाहेर कुलूप आहे आणि चावी दुकानात आहे. शेजाऱ्यांना ती घरात आहे हेच माहीत नाही. आणि मी तिला शांत बसण्याबद्दल बिल्ला दिला.

आज सुटी आहे, मिरवणुकीमुळे बाजार बंद, त्यामुळे काका दिवसभर घरी असणार. म्हणजे आजचा दिवस हातात आहे. मी आधी अण्णांना फोन केला, पण सरळ सांगायचा धीर झाला नाही.

"अण्णा, गाडी येतेय असं वाटलं, पण स्टेशनमास्तर फोनच उचलत नसेल तर काय करायचं?"

"फाटक बंद करायचं."

"आणि गाडी आलीच नाही तर?"

"मग उघडायचं की."

"लोक शिव्या देतील."

"देतातच. मला एकाने टमाटे मारले होते. तुझ्या आईने त्यांची आमटी केली." मग म्हणाले, "अंकिता, तू शाळेतलं काही विचारत नाहीस ना? शाळेत असलं काही करू नको हं. तिथे वरच्या साहेबांना विचारायचं. नोकरी सोपी नाही मिळत."

म्हणून मी वरच्या साहेबांकडे गेले.

सिद्धेश्वरी मॅडम घरी संमेलनाच्या फेट्यांना इस्त्री करत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्री बंद केली, तेव्हा मला आशा वाटली. पण ती फेटा उलटा करायला बंद केली होती.

"कोंडलं म्हणू नकोस गं. कुलूप लावलं म्हण."

"मॅडम, आग लागली तर?"

"शुभ बोल. भीमाच्या आईच्या वेळेस काय झालं, विसरलीस?"

"तेव्हा मी बोलणं ऐकलं होतं. आता कुलूप पाहिलंय."

त्यांनी हातातला फेटा खाली ठेवला. मला वाटतं त्यांनाही ते कुलूप दिसलं. मग म्हणाल्या, "धोरणाप्रमाणे जाऊ. तू मला कळवलंस. मी विश्वस्तांना कळवायचं. त्यांना योग्य वाटलं तर बाहेर कळवायचं." आणि त्यांनी रेवणप्पाकाकांना फोन लावून स्पीकर सुरू केला.

आपल्याविरुद्धची तक्रार आपल्यालाच कळवण्याचा हा प्रकार काकांना चमत्कारिक वाटला नाही. ते खूप हसले. "अहो टीचर, कुलूप लावतो म्हणून काय झालं? तिजोरीलाबी लावतो की! मोलाची चीज हाय म्हणून लावतो. उघडं टाकून जाऊ का? कोण उचलून नेलं मग?"

"काका, तिच्या बोटाला फोड आहे. तिने गॅस पेटवला होता."

पलीकडे हसणं थांबलं. "कुणी सांगितलं?"

"तिनेच."

"पोरं काय, कायबी सांगत्यात." पण आवाज बारीक झाला होता. मागून टीव्ही ऐकू येत होता. "बाई ठेवून बगितली हो, दोन म्हैने टिकली न्हाय. दुकान सोडून मी म्हातारा घरात बसू? शिवरात्र होऊ द्या. सूनबाईला आणतो अक्कलकोटहून, पाया पडून आणतो. मग कुलूपच नको. झालं ना समाधान?"

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. "तू कळवलंस, मी कळवलं, त्यांनी ऐकून घेतलं. धोरण पूर्ण झालं. चहा घे."

मी चहा घेतला. चहाला नाही म्हणणं मला घरी शिकवलेलं नाही.

"आणि अगदीच राहवत नसेल," मॅडम दारापर्यंत येऊन हळूच म्हणाल्या, "तर संमेलन होऊ दे. सोमवारी बघू. इमारत त्यांची आहे, अंकिता. त्यांनी ती काढून घेतली तर साठ मुलांना घेऊन मी कुठं जाऊ?" हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. म्हणूनच जास्त अवघड झालं.

घरी येऊन कार्यशाळेचे कागद काढले. त्यात मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारल्यात, आणि तरीही वाचलं आज पहिल्यांदा: खात्री करून घेणं आपलं काम नाही, कळवणं आपलं काम. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कुणीही फोन करू शकतं, परवानगी लागत नाही. शाळेच्या धोरणात काहीही असलं तरी.

धोरणाने मला थांबवलेलंच नव्हतं. मीच त्याच्या रांगेत उभी राहिले होते, आणि रांगेच्या शेवटच्या खिडकीवर काका बसले होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

शाळेत जाऊन आले, पुन्हा निघायचं आहे. मांडवाच्या कामामुळे आज मुलं दहाला यायची आहेत, मधल्या वेळात खोलीवर येऊन लिहिते आहे.

मुद्दाम लवकर गेले ते सोजरमावशींना विचारायला, की चौकशी करायला कोणी आलं तर मोज्याचं खरं खरं सांगाल का. त्या पिंपाजवळच्या स्टुलावर बसून चपात्यांची पिशवी सोडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हंजी जंत न्हाईत?"

"नाहीत, मावशी. भूक आहे."

त्यांनी चपात्यांची पिशवी पुन्हा बांधली. "अन् मी टूथपेस लावली," म्हणाल्या. मग एकदम उसळल्या, "सांगीन की! पर माझं नाव लिवताना सोजरबाई लिवा, आया लिवू नका. आन् तो बिल्ला काढून घ्या पोरीचा, लई वंगाळ दिसतोय."

ऋतुजालाही सांगितलं. तिने या वेळी चेष्टा केली नाही. "पुरीला वास येतो म्हणाली होती," एवढंच बोलली. मग म्हणाली, "तू फोनवर बोलत असशील तेव्हा मॅडमना मी नाचाच्या तालमीत अडकवून ठेवते. भीमाला लेझीम देते. कमीत कमी अर्धा तास कोणी हलणार नाही."

मी म्हटलं, लपवायचं नाही. फोन मी मॅडमच्या टेबलावरून, त्यांच्यासमोर करणार. नाव माझं सांगणार. काकांचं घर, दुकान, कुलूप, चावी, फोड, जे पाहिलं तेवढंच. काका दुष्ट आहेत असं सांगणार नाही, कारण ते मला माहीत नाही. शिवरात्रीनंतर सूनबाई आल्या तर फार चांगलं. पण त्याआधी रोज दुपार होणार आहे.

भीती आहेच.  नोकरी गेली तर भाडं कसं द्यायचं हा विचार चौथ्यांदा आला. संमेलन मोडलं तर फेटे वाया जातील हा अगदी बावळट विचारही आला. आणि हेल्पलाइनची माणसं येऊन बघून "काही नाही, घरगुती बाब आहे" म्हणाले तर? तर नीलम्मापासून रेवणप्पाकाकांपर्यंत सगळं सोलापूर मला हसेल. हसू दे.

आता फक्त वाराचा प्रश्न. काकांचा वार शिवरात्रीनंतरचा. मॅडमचा सोमवार. धोरणाचा "योग्य वेळी", जो कॅलेंडरवर नाही. माझा स्वतःचा काल रात्रीपर्यंत शनिवार होता, संमेलन संपल्यावर, म्हणजे मला काढून टाकण्याआधी मुलांचा नाच तरी बघून होईल. शनिवार धरला तर मध्ये दोन दुपारी येतात. शुक्रवार धरला तरी एक येते, आणि ती आजची.

सिद्धाप्पा सुटीच्या वेळेला स्कूटर घेऊन फाटकात येतील. त्यांच्या आधी.

गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५.